शंखी गोगलगाय: तारीख सोडा, ओल बघा

गोगलगायीचा बंदोबस्त सोयाबीन उगवल्यावर सुरू केला, तर निम्मं रान हातचं गेलं म्हणून समजा. रोप कोवळं, दोन दळांवर असतं तेव्हाच ती देठ कुरतडते. दळांच्या खाली देठ तुटला की ते रोप पुन्हा फुटत नाही. खत टाका, टॉनिक मारा, तासातली, म्हणजे पेरणीच्या ओळीतली, ती जागा मोकळीच राहते.

आमचं गाव औसा तालुक्यात. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद या तीन जिल्ह्यांत हिने असा धुमाकूळ घातला की सरकारला वेगळी मदत जाहीर करावी लागली. लोकांनी दुबार पेरलं, काहींनी तिबार. त्यानंतर आमच्या बचत गटाच्या बायकांनी हे काम अंगावर घेतलं. आता उन्हाळा लागला की पाहुण्यारावळ्यांचे फोन सुरू होतात, "काकू, गोळ्या कोणत्या आणायच्या?" गोळ्यांचं सांगेनच, पण ते बरंच नंतरचं काम आहे.

आधी ओळख करून घ्या. ही आपल्याकडची नव्हे. मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या इंग्रज शंखशास्त्रज्ञाने मॉरिशसहून काही गोगलगायी कोलकात्यात आणल्या आणि तिथे त्या बागेत सुटल्या. साहेबाची हौस, आणि निस्तरतोय आपण. शंख लांबट, टोकदार, तपकिरी, त्यावर फिकट उभे पट्टे. पूर्ण वाढलेली तळहातात मावत नाही. पावसाळ्यात बांधावर दिसणाऱ्या लहान, चपट्या शंखाच्या गोगलगायी वेगळ्या, त्या इथल्याच आहेत आणि पिकाला त्यांचा फारसा उपद्रव नाही. त्यांना वेचू नका. मुलांना कामाला लावलंत तर हा फरक हातात दोन्ही शंख देऊन दाखवा, नुसतं सांगून कळत नाही.

पीक कोणी खाल्लं याची शंका असेल तर सकाळी ऊन चढायच्या आत रानात जा. पानांवर, मातीवर वाळलेल्या चिकट स्रावाची चकाकणारी रेघ दिसेल, आणि जवळपास काळसर, दोऱ्यासारखी विष्ठा. अळीने खाल्लं असेल तर ही रेघ नसते. एवढं न बघता अळीचं औषध मारणारे दरवर्षी भेटतात. त्या फवारणीने गोगलगाय मरत नाही, पैसे मात्र जातात.

नक्षत्रं आता साथ देत नाहीत

सासूबाईंच्या काळी कामांचा हिशेब सरळ होता. रोहिणीत मशागत उरकायची, मृगात पेरायचं, आर्द्रा लागली की कोळपं काढायचं. गोगलगायीला पंचांग कळत नाही. तिला कळते फक्त ओल. माती कोरडी पडली, ऊन तापलं की ती मातीत, दगडाखाली शिरते, शंखाच्या तोंडावर पांढरा पापुद्रा धरते आणि आत गप्प पडून राहते. अशी ती महिनोन्‌महिने काढते, वेळ पडली तर त्याहूनही जास्त. ओल आली की पापुद्रा फोडून बाहेर.

म्हणून दुष्काळात ही संपेल या आशेवर राहू नका. २०१६ मध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आणि त्याच जिल्ह्यात सहा वर्षांनी हिने सोयाबीन फस्त केलं. आता एकाच हंगामात दोन्ही टोकं बघायला मिळतात. २०२३ चा ऑगस्ट जवळपास कोरडा गेला. २०२५ मध्ये मे महिन्यातच पावसाने झोडपलं आणि महिना सरायच्या आत मॉन्सून महाराष्ट्रात दाखल झाला. उघडीप पडली की ही दडते, झड लागली की निघते. पिकाला दोन्हीकडून मार बसतो, हिला दोन्ही चालतं.

यातून आम्ही एक साधी युक्ती धरली. मार्चपासूनच बांधाच्या सावलीच्या कोपऱ्यात एक गोणपाट ठेवायचं, घरापासून लांब आणि ओढ्याच्या बाजूला. अवकाळी झाली, ढग दाटून आले, रात्री दमट वाटलं की संध्याकाळी ते पोतं गुळाच्या पाण्यात भिजवून तिथेच पसरायचं. पहाटे उचलून बघायचं. खाली एक जरी गोगलगाय असली तरी समजायचं की शिवारातल्या जाग्या झाल्या, मग तारीख काहीही असो. २०२५ च्या मे महिन्यात रोहिणी लागायच्या आधीच या पोत्याने खबर दिली. रान रिकामं होतं, पीक नव्हतं, हिरवं काही नव्हतं. भुकेल्या गोगलगायी पोत्याखाली गोळा झाल्या, त्या सगळ्या उचलल्या. पेरणीआधी असा पाऊस झाला की शेजारपाजारचे कपाळाला हात लावतात, पण गोगलगायीच्या बाबतीत ती आयती संधी असते.

झोपेत असतानाच

सगळ्यात स्वस्त काम फेब्रुवारी ते मे मधलं. या दिवसांत ती पळत नाही, लपलेली असली तरी जागची हलत नाही. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: दगडी ताल, बांधाच्या कडेचे दगडगोट्यांचे ढीग, कडब्याच्या बुचाडाचा तळ, जुन्या विहिरीची कड, गोठ्यामागची पडझड झालेली भिंत, आंब्या-लिंबाच्या बुंध्याजवळचा पालापाचोळा, ठिबकच्या नळीखालची माती. फळबाग जवळ असेल तर पहिला संशय तिच्यावर. तिथे बारमाही सावली आणि ओल असते, शेजारच्या सोयाबीनमध्ये येणाऱ्या बहुतेक गोगलगायी तिथूनच निघतात.

खुरप्याने वीतभर खोल उकरलं की पुरे. खुरपं शंखाला लागलं की दगडापेक्षा पोकळ आवाज येतो, दोन दिवसांत कानाला सवय होते. हातात घेतल्यावर तोंडाकडचा पापुद्रा बघा. पांढरा, घट्ट असेल तर आत जीव आहे. तोंड उघडं, शंख हलका आणि पांढुरका पडलेला असेल तर मेलेली. रिकामे शंख मोजून "एवढ्या मारल्या" म्हणणारेही आहेत, तेव्हा दोन्ही वेगळे ठेवा.

खोल नांगरट जरूर करा. दडलेल्या वर येतात, उन्हाने मरतात, पक्षी उचलतात. पण नांगर बांधापर्यंत जात नाही आणि हिचं घर बांधातच असतं. त्यामुळे नांगरलं म्हणजे झालं, असं नाही. बांधावरचं गवत, काडीकचरा काढा. झाडं मात्र तोडू नका. भारद्वाज ही गोगलगाय खातो, शंख फोडतो आणि आतलं खातो. त्याला बसायला आणि घरटं करायला गचपण लागतं. काजव्याच्या अळ्याही गोगलगायी खातात. तेव्हा तळ साफ आणि वर झाड, अशी बांधाची रचना ठेवली तर बरं.

कोणी तुम्हाला गोगलगाय खाणारी दुसरी गोगलगाय आणून सोडा असं सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. फ्रेंच पॉलिनेशियात १९७० च्या दशकात हेच केलं. आफ्रिकी गोगलगायीला मारायला दुसरी शिकारी गोगलगाय आणली, तिने आफ्रिकीला सोडून तिथल्या झाडांवरच्या स्थानिक गोगलगायी संपवल्या. त्यातल्या कित्येक जाती जगातूनच गेल्या.

रात्रीची वेचणी

पहिला दमदार पाऊस झाला की त्या संध्याकाळपासून कामाला लागा. पेरणीची घाई असते, मला माहीत आहे. पण सोयाबीन तसंही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये असंच कृषी विद्यापीठ सांगतं. पहिला पाऊस आणि पेरणी यांत जे चार-आठ दिवस मिळतात, ते गोगलगायीला द्या. उपाशी असते, पीक नसतं, अंडी घातलेली नसतात. यानंतर इतकी सोपी ती पुन्हा सापडत नाही.

आमची पद्धत अशी. बटाट्याची, साखरेची जुनी गोणपाटं गोळा करायची. प्लॅस्टिकची पोती चालत नाहीत, ओल धरत नाहीत. बादलीभर पाण्यात गूळ विरघळवायचा. भाव चढला असेल तर काळा, खालच्या प्रतीचा गूळ घ्या, गोगलगाय प्रत बघत नाही. पोती त्यात बुडवून, पिळून, बांधाच्या कडेने दर पंधरा-वीस पावलांवर एक अशी दिवस मावळताना पसरायची. पपईची किंवा कोबीची पानं मिळाली तर पोत्याखाली दोन ठेवायची. मग अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन एक फेरी, आणि पहाटे उजाडायच्या आत पोती उचलायची दुसरी फेरी. पहाटेची फेरी चुकवली तर रात्रीचं सगळं वाया. ऊन लागलं की त्या परत मातीत जातात आणि पोत्याखाली फक्त चिकटा उरतो. ढगाळ, झिमझिम दिवशी मात्र दिवसाही फिरताना सापडतात, अशा दिवशी दुपारचीही फेरी मारा.

हातमोजे घालाच. नसतील तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. या गोगलगायीत उंदरांकडून आलेले जंत असू शकतात, ते माणसाच्या पोटात गेले तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका, तंबाखूही मळू नका. हे मी पुरुषांसाठी मुद्दाम लिहिते. शेतातली मेथी, कोथिंबीर नीट धुऊन घ्या.

वेचलेल्या मारायच्या कशा, यात लोक हमखास घोळ घालतात. रस्त्यावर फेकतात, दुसऱ्याच्या पडीक रानात टाकतात, नाहीतर तिथेच पायाखाली चिरडतात. पोटात अंडी असलेली चिरडली तर अंडी मातीत पडतात, आणि त्यातल्या काहींतून पिल्लंही निघतात. आम्ही बादलीत साबणाचं दाट पाणी ठेवतो. मीठही चालतं, दहा लिटर पाण्याला अर्धा किलो. पण ते पाणी रानात ओतायचं नाही, जमीन खराब होते. सगळ्या मेल्या की बांधाबाहेर दोन-तीन फूट खोल खड्डा, त्यात थर टाकून वर चुना आणि वर माती. उघड्यावर ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी वासाने उभं राहवत नाही, कुत्री उकरतात.

मजुरी कशी द्यायची

हा भाग कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. पहिल्या वर्षी बऱ्याच गावांनी किलोवर पैसे दिले. ऐकायला बरं वाटतं. होतं असं, की माणूस वजनदार बघून उचलतो आणि बोराएवढ्या पिल्लांना सोडतो. पुढच्या महिन्यात तीच मोठी झालेली असतात. शिवाय मग कोण कुठून आणतंय, त्याचा हिशेब राहत नाही. आम्ही तासावर पैसे देतो आणि बांध वाटून देतो. हा बांध तुझा, त्या बांधावर पहाटे मी फेरी मारणार. पिल्लू दिसलं तर तुलाच परत बोलावणार. जाऊबाईंना हे तपासायचं काम दिलंय, त्यांची नजर कुणाला चुकत नाही आणि भीडही पडत नाही.

दुसरं, एकट्याने वेचून उपयोग नाही. माझं रान साफ आणि शेजाऱ्याची चिंचेखालची पडीक तशीच, तर आठ दिवसांत परत भरतं. किमान ओढ्याच्या एका बाजूचे सगळे शेतकरी एका रात्री उतरले पाहिजेत. आम्ही ग्रामसभेत ठराव करून घेतला आणि पाऊस झाला की देवळाच्या भोंग्यावरून सांगतात. जी जमीन कुणाचीच नाही, म्हणजे ओढाकाठ, रस्त्याची कड, शाळेमागचं गवत, ती आधी वाटून घ्या. सगळ्यात जास्त तिथेच निघतात. शहरात राहणाऱ्यांची पडीक रानं हा वेगळाच वैताग आहे. मालकाला फोन करून परवानगी घ्या. नाही म्हणणारा अजून तरी भेटला नाही, खर्च देणाराही भेटला नाही.

आता गोळ्या

गोगलगायीच्या गोळ्यांतलं औषध म्हणजे मेटाल्डिहाईड. ते २.५ टक्के, एकरी २ किलो, ही नेहमीची शिफारस. वेचणीनंतर उरलेल्यांसाठी ती ठीक आहे. वेचणीऐवजी नाही. आणि बदलत्या पावसात तिचं एक दुखणं आहे ते दुकानदार सांगत नाही. या औषधाने गोगलगाय भरमसाट स्राव सोडते आणि अंगातलं पाणी जाऊन मरते. गोळी खाल्ल्यावर ऊन पडलं तर काम तमाम. पण रात्री पाऊस आला, दिवसभर झिमझिम राहिली, तर तिला पाणी परत मिळतं आणि त्यातल्या बऱ्याच उठून चालू लागतात. म्हणून:

- माती ओली, पण पुढचा दिवस उघडिपीचा, असा अंदाज असेल तेव्हाच संध्याकाळी टाका. झड लागलेली असेल तर पोती बरी.
- कोरड्या खंडात टाकू नका. ती आत दडलेली असते, गोळ्या नुसत्या विरतात.
- ढीग घालू नका. बांधाच्या कडेने आणि तासांमध्ये विखरून टाका. ढीग कुत्रा खातो आणि मरतो. त्या रात्री कुत्री बांधा, वासरं, कोंबड्या रानात सोडू नका.
- सकाळी जाऊन लोळणाऱ्या, फेस आलेल्या सगळ्या उचलून साबणाच्या पाण्यात टाका. मरतील म्हणून सोडून येऊ नका.

कोंड्यात गूळ, यीस्ट आणि मिथोमिल नावाचं कीटकनाशक कालवून आमिष करायची जुनी कृती अजून मोबाइलवर फिरते. मिथोमिलवर २०२३ पासून देशात बंदी आहे. कुणाच्या घरात जुना डबा पडलेला असेल तर तो वापरून संपवू नका.

चुन्याची पट्टी, बांधाच्या आतून चार बोटं रुंद, हीही सांगितली जाते. कोरडी असेपर्यंत गोगलगाय ती ओलांडत नाही, एक सर आली की चुना मातीत मिसळतो. सोयाबीनच्या अख्ख्या रानाला हे परवडत नाही. रोपवाटिका, भाजीचा वाफा, परसातली मिरची, एवढ्यालाच करा आणि पावसानंतर पट्टी पुन्हा ओढा. फळझाडांना मात्र बुंध्यावर १० टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, ती टिकते.

अंडी

पेरणी झाली, रोप चार पानांवर गेलं की लोक हुश्श करतात. पीक वाचलं हे खरं, पण पुढच्या वर्षीची पेरणी गोगलगाय याच महिन्यात करते. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, त्यामुळे भेटलेल्या दोघींपैकी दोघीही अंडी घालू शकतात. एका वेळी शंभर, मोठी असेल तर त्याच्या कितीतरी पट. आठवडा-दोन आठवड्यांत त्यांतून पिल्लं निघतात. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून अमेरिकेतल्या मियामीला तीन गोगलगायी आणल्या होत्या. पुढे त्यांचा बंदोबस्त करताना अठरा हजारांच्या आसपास सापडल्या, आणि पूर्ण सुटका व्हायला १९७५ उजाडलं.

अंडी भुसभुशीत, ओल्या मातीत दोन बोटं खोल असतात, पिवळसर पांढरी, साबुदाण्याएवढी, एकाला एक लागून. बीबीएफने (रुंद वरंबा-सरी पद्धतीने) पेरलं असेल तर वरंब्याच्या कडेला बघा, तिथली माती मऊ असते. शेणखताच्या ढिगाच्या कडेलाही हमखास. कोळपताना, निंदताना असा पुंजका वर आला तर पुन्हा मातीत दाबला जाऊ देऊ नका. बायकांना सांगून ठेवा, कमरेला एक डबी असू द्या, अंडी त्यात टाकायची आणि घरी उकळत्या पाण्यात. ऑगस्टमध्ये खंड पडला तर ही कामं थांबवून चालणार नाही. पाऊस परत आला की पुन्हा अंडी सुरू होतात, आणि आता परतीचा पाऊस लांबतो तसा हिचा हंगामही लांबतो. भारद्वाजाने फोडलेले ताजे शंख बांधावर दिसायला लागले की समजा, रानात अजून हालचाल आहे, पोतं पुन्हा भिजवा.

काढणीच्या वेळी मळणीयंत्र, ट्रॅक्टरची ट्रॉली, ताडपत्र्या दुसऱ्या गावाहून आल्या असतील तर रानात घ्यायच्या आधी चाकांची माती झाडून, तळाला वाकून बघा. नर्सरीतून रोपं आणली तर पिशवीतली माती तपासा. उसाचं बेणं, मुरूम, शेणखत, गाळ, हिचा सगळा प्रवास याच्यातूनच होतो. सोयाबीनचं भुसकट गोठ्याजवळ रचणार असाल तर खाली दगड न घालता फळ्या घाला, म्हणजे फेब्रुवारीत उकरायला सोपं जाईल.